चौकात न घेतलेलं नाव

गोविंदा कोतवालाचा आवाज असा होता, की त्यानं मारुतीच्या पारावर उभं राहून हाक दिली की नाल्यापलीकडच्या वावरातले बैल माना वर करत. बेलमाळ गावात दवंडीला डफडं नव्हतं. गोविंदाच्या बापानंच ते सोडलं होतं. धर्मांतर झालं त्या साली बापानं डफडं घराच्या आढ्याला टांगलं आणि गावाला सांगितलं, "सरकारचं काम करीन, पण गळ्यानं करीन. आता वाजवणं नाई." मग बापानं गळा कमावला, आणि तोच गळा पोराला वारशात मिळाला. शेत नाही, घर नाही, गळा मिळाला.

त्या गळ्याचे किस्से गावात खूप. एकदा त्यानं हाळी दिली, "होऽऽ, उद्या सकायी जनावराचे डाक्टर येऊन राह्यले होऽऽ, आपापले जनावरं घरी बांधून ठेवा होऽऽ!" तर पाटलाच्या आळीतली एक बाई दारातून नवऱ्याला म्हणाली, "आयकलं ना? तुमी बी उद्या घरीच राहा." नवरा पिणारा होता. हसून हसून लोकांची पोटं दुखली. आणि गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची, भगवानरावची माय, भागीरथाबुढी, तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. नातसून कानाशी ओरडून थकायची. पण बुढी म्हणायची, "मले गावात एकट्या गोविंदाचंच आयकू येते. देव बी बोलला तर नाई येत."

पण या गळ्याला गोविंदानं एक नेम घालून दिला होता. तो चौकात बाईमाणसाचं नाव घेत नसे. कोणाची जमीन मोजायची असली, कोणाला नोटीस असली, तर पुरुषाचं नाव बिनधास्त घ्यायचा. पण विधवेचा, टाकलेल्या बाईचा, म्हातारीचा कागद असला की तो तिच्या दारापर्यंत चालत जायचा, चपला बाहेर काढायचा आणि हळू आवाजात सांगायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "गरिबी तं गरिबी, पण तिची दवंडी कायले देवाची?"

हा नेम चांगलाच होता. पण चांगल्या नेमानंही कधी माणूस कसा बुडतो, ते पुढं येईल.

ते साल कापसाचं वाईट साल होतं. बोंडाला अळी, भावाला उतार, आणि वर्तमानपत्रात रोज जिल्ह्याचं नाव. त्या दिवसांत गावात जितक्या जीपा आल्या तितक्या त्याआधीच्या पन्नास वर्षांत आल्या नसतील. कोणी पाहणीला, कोणी मोजणीला, कोणी नुसतंच डोळे ओले करायला. प्रत्येक जीपेच्या आदल्या दिवशी गोविंदाची दवंडी. त्या जीपांनी गावाला दोन नवे शब्द दिले, पात्र आणि अपात्र. इतके मुरले, की शाळेच्या मैदानात कबड्डी खेळताना पोरं बाद झालेल्या गड्याला ओरडून सांगायची, "ए, तू अपात्र! बाहेर बस!"

नाल्याकडच्या वस्तीत सत्यशीला राहत होती. तिचा नवरा धम्मरत्न आणि गोविंदा एका पाटीवर शिकलेले. धम्मरत्न आदल्या वर्षी गेला. दुसऱ्याच्या वावरात फवारणी करत होता, वारा उलटा फिरला, औषध अंगात भिनलं, तिसऱ्या दिवशी संपला. त्याच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून तो शेतकरी नव्हता. स्वतःहून प्याला नव्हता, म्हणून आत्महत्यांच्या यादीतही बसेना. पटवारी म्हणाला, "गोविंदा, मी तरी काय करू? मेला खरा, पण कोणत्याच रकान्यात मेला नाही."

सत्यशीला जिनिंगमध्ये दहा वर्षं कामाला होती. रुईची धूळ छातीत बसलेली. चार तास कापूस वेचला की धाप लागून बांधावर बसायची. घरात ती आणि बारा वर्षांची मैत्रेयी. मैत्रेयी सातवीत, वर्गात पहिली. सत्यशीलेला सरकारकडून महिन्याला मिळणारा निराधाराचा पगार लागला असता तर तेलमीठ त्यात भागलं असतं, आणि पोरगी शाळेत राहिली असती. नाही लागला तर पोरीच्या कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधून तिला वेचायला न्यावं लागणार. सगळा प्रश्न एवढाच होता, आणि गोविंदाला तो पाठ होता. अर्ज त्यानंच भरला होता. अंगठा नको, सही कर म्हणून सत्यशीलेकडून तीनदा सही गिरवून घेतली होती.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला की चौकशीचे साहेब येणार, गावात बुधवारी आणि वस्तीत गुरुवारी. घर पाहतील, माणूस पाहतील, पंचनामा करतील आणि अहवाल तालुक्याच्या समितीपुढं ठेवतील. गोविंदानं पारावरून हाळी दिली, "निराधाराच्या चौकशीले सायेब येऊन राह्यले होऽऽ!" नावं घेतली नाहीत. मग पाच घरी पायी गेला. सत्यशीलेला म्हणाला, "वैनी, गुरुवारी घरीच राहा. जसं हाये तसं राहू द्या. काही झाकू नका, काही मांडू नका."

"माह्याकडं झाकाले काय हाये, भाऊजी?" ती हसली, आणि तेवढ्या हसण्यानं खोकली.

त्याच यादीत भागीरथाबुढीचं नाव होतं. तिच्या लेकाचं, भगवानरावचं, वीस एकर रान. पण कागदावर बुढी वेगळी, गावातल्या जुन्या घरात एकटी, कोणी सांभाळत नाही. खरं काय होतं, तर जुन्या घरात नातू अक्षय आणि त्याची नवी बायको अर्पिता राहत होते, लग्नात आलेला रंगीत टीव्ही, लोखंडी आलमारी आणि दिवाण घेऊन. बुढी झोपायची गोठ्याला लागून काढलेल्या, उतरत्या छपराच्या चाळीत. म्हणजे कागद खोटा होता, आणि बुढीचे हाल खरे होते. गोविंदाला हे ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. गावात ठाऊक नसतं असं काही नसतं, सांगायचं कोणी एवढंच बाकी असतं.

बुधवारच्या आधी जुनं घर रिकामं करायचं होतं. भगवानरावच्या नव्या घरात जागा नव्हती, कारण भाव वाढेल म्हणून कापूस माळ्यापर्यंत कोंबून ठेवला होता. माणसं ओसरीत निजत होती आणि कापूस खोल्यांत. मग सामान न्यायचं कुठं? ज्या घरावर कोणाची नजर जाणार नाही तिथं. सत्यशीला भगवानरावच्याच वावरात वेचायला जायची. मंगळवारी दिवस मावळायच्या आत बंडी वस्तीत आली, वर कापसाच्या जुन्या पऱ्हाट्या पसरलेल्या, खाली टीव्ही, आलमारी आणि दिवाण. गडी म्हणाला, "मालकानं सांगतलं, उद्या संध्याकायी परत नेतो."

सत्यशीलेनं मनात हिशेब केला. उद्या परत नेणार, आपले साहेब परवा. नाही म्हटलं तर वेचणीला बोलावणार कोण? तिनं दार उघडलं. आपलंही नाव यादीत आहे हे ती बोलली नाही. आणि गोविंदानं चौकात ते घेतलं नव्हतं, म्हणून भगवानरावलाही कळलं नव्हतं. गोविंदा त्या संध्याकाळी पटवाऱ्याची डाक घेऊन तालुक्याला, उमरखेडला गेला होता, शेवटच्या बसनं परतला, आणि थेट निजला.

बुधवारी साहेब आले. तरुण होते, वाईट नव्हते. महिनाभर असेच उंबरे ओलांडून कंटाळलेले. जुन्या घरात भागीरथाबुढी पोत्यावर बसवलेली, अंगावर मुद्दाम फाटकं लुगडं. साहेबांनी विचारलं, "आजी, मुलगा सांभाळतो का?"

बुढीनं मान डोलावली. "हो बाप्पा, लय चांगला हाये."

भगवानरावच्या कपाळाला घाम फुटला. "सायेब, तिले आयकू येत नाई. तिच्या भावाबद्दल बोलून राह्यली." मग गोविंदाकडं वळून, "सांग ना बे तिले!"

गोविंदा खाली वाकून दवंडीच्या आवाजात म्हणाला, "बुढीमाय! सायेब इचारून राह्यले, पोरगं पाह्यते का तुले?"

बुढीला शिकवलेलं आठवलं. "नाई. कोणी पाह्यत नाई," ती म्हणाली. म्हणाली आणि थांबली. शिकवलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं, आणि तिचं तिलाच ऐकू आल्यासारखं झालं. ती रडायला लागली. पदरानं डोळे पुसत पुन्हा म्हणाली, "खरंच कोणी पाह्यत नाई रे." भगवानराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. साहेबांनी लिहून घेतलं.

जेवण भगवानरावकडं झालं, ओसरीतच. हात धुताना साहेब पटवाऱ्याला म्हणाले, "उद्या मला जिल्ह्याला बोलावलंय. वस्ती आजच उरकून टाकू."

गोविंदाला आनंद झाला. जितकं लवकर तितकं बरं. भगवानराव मात्र ताडकन उठला. "वस्तीत कायले? वस्तीत कोण हाये?"

"सत्यशीलावैनी हाये ना," गोविंदा म्हणाला.

भगवानरावनं त्याला खांबाआड ओढलं. "तिचं बी नाव हाये? मंग काल काहून नाई बोंबलला बे? गावभर बोंबलतं अन् हे नाई सांगत?"

"बाईमाणसाचं नाव चौकात घ्या लागते का, मालक? पण झालं काय?"

भगवानराव तिथूनच वळला. साहेबांना म्हणाला, "ऊन लय हाये सायेब, चहा घेऊन जा." पण साहेब चपला घालून अंगणात उतरले होते. पंच म्हणून भगवानरावला मागं जावंच लागलं.

वस्तीत सत्यशीलेचं घर शेवटचं. तुराट्यांच्या कुडाला माती लिंपलेली, वर टिनाचे पत्रे. गोविंदा पुढं झाला, मोठ्या उमेदीनं म्हणाला, "या सायेब, पाहा. याच्याहून निराधार घर तुमाले तालुक्यात दिसन नाई." आणि त्यानं फळी बाजूला केली.

आत एकच खोली. त्या खोलीत दिवाण, दिवाणावर पलंगपोस, आलमारीच्या आरशात बाहेरचं ऊन, आणि वीज नसलेल्या त्या घरात एकवीस इंची रंगीत टीव्ही. सत्यशीला चुलीपाशी उठून उभी राहिली होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाले, "हे कोणाचं?"

"माह्यं नाई, सायेब."

"मग कोणाचं?"

सत्यशीलेनं भगवानरावकडं पाहिलं. तो कुडाकडं पाहत होता. "एका माणसाचं हाये. ठेवाले आणलं."

"बाई," साहेब थकून म्हणाले, "महिनाभर मी फिरतोय. एकही टीव्ही मला त्याच्या मालकाच्या घरात सापडला नाही. सगळे ठेवायला आणलेले." पटवारी हसला. मग साहेब गोविंदाकडं वळले. "कोतवाल, तू गावचा. हे सामान कोणाचं, माहीत आहे?"

आता इथं गोविंदाचा गळा पाहिजे होता. टीव्ही त्यानं ओळखला होता. अक्षयच्या लग्नात त्यानंच तो बंडीवरून उतरवून घेतला होता. सांगायचे दोनच शब्द होते. पण समोर भगवानराव उभा होता, पटवाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसणारा. आणि त्याहून वाईट म्हणजे गोविंदाच्या डोळ्यांपुढं ती पोत्यावर बसलेली बुढी आली. हे बोललो तर तिचा कागद फाटला. तिचं रडणं खोटं नव्हतं. एकीचं खरं सांगितलं तर दुसरीचं खरं मरतं, असं काहीसं त्याच्या मनात गरगरलं.

"मले माहीत नाई, सायेब," तो म्हणाला.

सत्यशीला त्याच्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. ओळखीचं माणूस बाजारात तोंड फिरवून गेलं की जसं आपण पाहतो, तसं. साहेबांनी तिची सही घेतली. तीनदा गिरवलेली ती सही तिनं नीट केली.

संध्याकाळी बंडी आली आणि सामान परत गेलं. भगवानराव गोविंदाला म्हणाला, "तू काही काळजी करू नको. मी तालुक्याले बोलतो, तिचं करून घेतो." तो बोलला नाही. बोलायचंच नव्हतं, कारण कापसाला भाव आला नाही, आणि माणसाला स्वतःचं जळत असलं की दुसऱ्याचं दिसत नाही.

यादी पौषात आली. भागीरथा, पात्र. सत्यशीला, अपात्र, आणि पुढं कारण, "घरी रंगीत टीव्ही, कपाट, दिवाण. आर्थिक स्थिती चांगली." गोविंदा नेमाप्रमाणं तिच्या दारी गेला, चपला काढल्या आणि हळूच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "भाऊजी, त्या घरात राह्यतं कोण, ज्याची स्थिती चांगली हाये? पत्ता द्या, तिथंच जाऊन राहतो मी."

पुढच्या सोमवारी मैत्रेयी कमरेला ओटी बांधून नाल्याच्या वाटेनं चालली होती. ओटी मोठ्या बाईची, तिच्या गुडघ्याशी येत होती. गोविंदाला पाहून ती थांबली. "काका, सरांनी इचारलं तर सांगजा, आईले बरं नाई म्हणून."

गोविंदा पंधरा दिवस नीट जेवला नाही. मग एक दिवस डाक द्यायला गेला तेव्हा कोरा कागद मागून घेतला आणि कचेरीच्या पायरीवर बसून लिहिलं. सामान भगवानरावच्या मुलाचं आहे. मला माहीत होतं. मी पंचनाम्यात खोटं सांगितलं. आणि खाली सही केली. कारकुनानं वाचलं, चष्मा काढला. "गोविंदा, हे तू स्वतःविरुद्ध लिहून राह्यला. कारवाई होईन तुह्यावर."

"होऊ द्या."

"अन् त्या म्हातारीचा पगार बंद होईन."

गोविंदानं कागदाकडं पाहिलं. कागद मात्र त्यानं परत घेतला नाही.

कागदाला पाय फुटायला चार महिने लागले. आधी गोविंदाला नोटीस आली, मानधन थांबलं. भगवानरावनं भर चौकात त्याची सात पिढ्यांची उणीदुणी काढली. मग उन्हाळ्यात फेरचौकशी आली. या वेळी गोविंदानं आपला नेम मोडला. पारावर उभा राहिला, कानावर हात ठेवला आणि हाळी दिली, "होऽऽ, उद्या सत्यशीलावैनीच्या घरी सायेब येऊन राह्यले होऽऽ! कोणाचं सामान ठेवलं असन तं आत्ताच घेऊन जा होऽऽ!" गाव हसलं. सत्यशीला दोन दिवस घराबाहेर निघाली नाही.

आलेले साहेब नवे होते. घर पाहिलं. रिकामी खोली, एक घडा, एक पेटी. सगळं रकान्यात बसत होतं. शेवटी विचारलं, "घरात आणखी कोणी कमावतं?"

आदल्या खेपेच्या भीतीनं सत्यशीलेनं ठरवलं होतं की जे आहे ते सांगायचं. "पोरगी वेचाले गेलती, सायेब. पौषापासून हंगाम सरेपर्यंत. आता वखराच्या मागं काड्या वेचते."

साहेबांचं पेन थांबलं. "बाई, हे लिहिलं तर उत्पन्नात धरावं लागेल. वर लहान मुलगी कामाला, त्याचं वेगळंच होईल." त्यांनी गोविंदाकडं पाहिलं.

"लिहू नका, सायेब," गोविंदा म्हणाला. "शायेत जाते म्हणून लिहा."

"जाते का?"

"जात होती."

साहेबांनी लिहिलं, "मुलगी शिक्षण घेत आहे." पहिल्या खेपेला खरं न सांगितल्यानं जी अपात्र झाली, ती दुसऱ्या खेपेला खोटं लिहिल्यानं पात्र झाली. यातला न्याय कोणता ते समितीलाच ठाऊक.

आषाढात दोघींचे कागद एकाच दिवशी आले. कोतवालकीचं काय होणार ते अजून ठरलं नव्हतं, पण कागद पोचवायला दुसरं माणूस नव्हतं. गोविंदा आधी वस्तीत गेला. सत्यशीला खाटेवर बसून धापा टाकत होती. मैत्रेयी निंदून आली होती. तिच्या बोटांच्या कडांवर बोंडांनी चिरल्याचे वण अजूनही होते.

"पात्र झाल्या, वैनी," गोविंदा हळूच म्हणाला.

मैत्रेयीनं आईकडं पाहिलं. "मंग मी शायेत जाऊ का?"

सत्यशीलेनं कागद उलटा करून पाहिला, जणू मागं आणखी काही लिहिलेलं असेल. पगार पुढं कधीतरी सुरू होणार होता, आणि दुकानदाराकडं अख्ख्या वर्षाची उधारी उभी होती. आठवीच्या वर्गात मैत्रेयीचं नाव नव्हतं. सरांनी ते केव्हाच कमी केलं होतं. "एवढं निंदण होऊ दे," ती म्हणाली. "मंग वेचणी येईन. मंग पाहू."

मैत्रेयीनं मान हलवली आणि खुरपं धुवायला गेली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

गोविंदा तिथून गावात आला. दुसरा कागद खिशात, बुढीचा पगार बंद झाल्याचा. गोठ्यालगतच्या चाळीत भागीरथाबुढी भिंतीला टेकून बसली होती. या चार-पाच महिन्यांत तिच्या हाती पहिल्यांदा स्वतःचं काही आलं होतं. पान खायची, नातसुनेला चहा पावडर आणून द्यायची, त्या बदल्यात तिला ऊन ऊन भाकर मिळायची. गोविंदाला पाहून तिचं बोळकं तोंड उघडलं.

"आला का रे गोविंदा? माह्या पगाराचं सांगाले आला ना?"

गोविंदानं चपला काढल्या. तिच्याजवळ उकिडवा बसला आणि नेमाप्रमाणं हळू आवाजात सांगितलं.

"काय?"

त्यानं आणखी थोडं मोठ्यानं सांगितलं.

"काही आयकू येत नाई रे," बुढी हसली, कान पुढं केला. "असा बाईमाणसावानी काय बोलतं? जोरानं बोल ना. दवंडीवानी बोल. तुह्यंच तं एकट्याचं आयकू येते मले."

अर्पिता अंगणात धुणं घालत होती. दोन गडी बैलांना पाणी दाखवत होते. भगवानराव ओसरीत होता. गोविंदानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग कानावर हात ठेवला, जसा बापानं शिकवला होता तसा, आणि तिच्या कानाशी, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, तिचं नाव घेऊन ओरडला.